विमानाखालची जमीन

उल्हासनगरमध्ये कुणालाही पत्ता विचारा, ‘कॅम्प नंबर चार’, ‘कॅम्प नंबर पाच’ असंच उत्तर येतं. रिक्षावाल्यापासून कुरिअरवाल्यापर्यंत सगळ्यांना हे आकडे पाठ असतात. कॅम्प कुणाचा, हा प्रश्न मात्र फारसा कुणाला पडत नाही.

तो सैन्याचा होता. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने कल्याणजवळच्या माळावर आघाडीवर जाणाऱ्या-येणाऱ्या सैनिकांसाठी छावणी उभारली. युद्ध संपलं, बरॅकी रिकाम्या झाल्या. मग फाळणी झाली आणि सिंधमधून आलेल्या हजारो कुटुंबांना याच बरॅकींमध्ये उतरवलं गेलं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वस्तीचं उल्हासनगर असं नामकरण झालं. सैनिक गेले, आकडे राहिले.

इथून जवळच, कल्याणहून मलंगगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर नेवाळी आहे. त्याच युद्धाच्या काळात तिथे विमानतळ झाला. आज तिथून विमान उडत नाही. ती जागा नौदलाकडे आहे आणि आसपासच्या गावांतले शेतकरी ‘ही जमीन आमची’ असं सांगत आलेत.

मी राहतो बदलापूरला. इंजिनीअरिंग करून सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे आणि लोकलमध्ये बसायला मिळालंच तर मोबाईलवर विमानांचा इतिहास वाचतो. त्या वाचनात मला पुन्हा पुन्हा एक गोष्ट जाणवते. लढाऊ स्क्वाड्रनचा इतिहास नेहमी वरून सांगितला जातो, कॉकपिटमधून. कोण उडालं, किती पाडली, कुणाला पदक मिळालं. विमानाखाली जमीन असते, ते दुरुस्त करणारे हात असतात, त्यासाठी पैसे देणारे लोक असतात. त्यांचा इतिहास लिहिला तरी तो तळटीपेत. भारतीय हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनची गोष्ट मला म्हणूनच खालून सांगायची आहे.

कराचीतली चार विमानं

पहिल्या महायुद्धात मोजकेच भारतीय तरुण लढाऊ वैमानिक झाले. त्यात आपल्या मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंकर होते. ब्रिटिशांच्या २३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमधून ते सॉपविथ डॉल्फिन हे एका माणसाचं लढाऊ विमान उडवत. जून १९१८ च्या अखेरीस फ्रान्सच्या आघाडीवर त्यांचं विमान पडलं आणि काही दिवसांतच ते गेले. त्यांची कबर फ्रान्समध्येच आहे. त्यांच्यासोबतच्या पिढीतले हरदितसिंग मलिक ऑक्सफर्डला शिकत होते. त्यांना सुरुवातीला ब्रिटिश सैन्यात जागाच मिळाली नाही, म्हणून ते फ्रेंचांसाठी अ‍ॅम्ब्युलन्स चालवायला गेले आणि मग वैमानिक झाले. कोलकात्याच्या इंद्रलाल रॉय यांनी तर जुलै १९१८ च्या दोन आठवड्यांत दहा विजय नोंदवले आणि त्याच महिन्यात ते मारले गेले.

युद्ध संपल्यावर हे दार पुन्हा बंद झालं. भारतीयांना यंत्राची जाण नाही, ते विमान उडवू शकतील पण सांभाळू शकणार नाहीत, असं मानणारे इंग्रज अधिकारी तेव्हा खूप होते. १९२५ मध्ये नेमलेल्या स्कीन समितीवर मोतीलाल नेहरू आणि जिना हे दोघंही होते. या समितीच्या शिफारशींमुळे वाट थोडी मोकळी झाली आणि १९३० मध्ये सहा भारतीय तरुण इंग्लंडमधल्या क्रॅनवेलच्या हवाई दल महाविद्यालयात शिकायला गेले.

८ ऑक्टोबर १९३२ रोजी भारतीय हवाई दल कागदावर आलं. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिग रोड तळावर पहिल्या स्क्वाड्रनची पहिली तुकडी सुरू झाली. चार वापिटी विमानं, दोन पंखांची, उघड्या कॉकपिटची. पाच भारतीय वैमानिक. आणि १९ हवाई सिपाही.

‘हवाई सिपाही’ हे नाव ऐकायला छान आहे, पण हे लोक उडायचे नाहीत. ते इंजिन खोलायचे, तारा ताणायचे, पंखावरचं कापड शिवायचे. पाच वैमानिकांपैकी दोघे पहिल्याच वर्षी अपघातात गेले. स्क्वाड्रन बंद करायला हे कारण पुरेसं झालं असतं. ती टिकली, त्यामागे जितकी उरलेल्या वैमानिकांची जिद्द होती, तितकीच खाली उभ्या असलेल्या या सिपाह्यांची.

त्यातलं एक नाव माझ्यासारख्या इंजिनीअरने तरी लक्षात ठेवायला हवं. हरजिंदरसिंग यांनी लाहोरच्या मॅक्लॅगन कॉलेजमधून इंजिनीअरिंग केलं होतं. त्या काळात डिग्री हातात असलेल्या माणसाला बरी सरकारी नोकरी मिळाली असती. ते हवाई सिपाही म्हणून, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीवर, भरती झाले. भारतीय माणूस विमान सांभाळू शकतो की नाही, हा वाद भाषणांनी मिटणार नव्हता. रोज सकाळी विमान उडण्याजोगं ठेवूनच तो मिटवायचा होता.

आमच्या क्षेत्रात हे लगेच कळतं. सिस्टीम वर्षभर नीट चालली तर कुणी विचारत नाही. रात्री दोनला बंद पडली की सगळे फोन करतात. चालू ठेवण्याच्या कामाची बातमी होत नाही.

ही पहिली स्क्वाड्रन काय करत होती, तेही सांगायला हवं. १९३० च्या दशकात तिचं मुख्य काम वझिरीस्तानच्या डोंगरांत होतं, इंग्रजी सत्तेला न जुमानणाऱ्या टोळ्यांविरुद्ध. हे साम्राज्याचं काम होतं आणि भारतीय तरुण ते करत होते. मार्च १९३९ मध्ये सुब्रतो मुखर्जी स्क्वाड्रनचे प्रमुख झाले, या पदावरचे पहिले भारतीय. सहा महिन्यांत महायुद्ध सुरू झालं. तेव्हा भारतीय हवाई दलाकडे अख्खी अशी ही एकच स्क्वाड्रन होती.

मुंबईच्या पैशांची विमानं

१९४१ मध्ये स्क्वाड्रनला नवी विमानं मिळाली, वेस्टलँड लायसँडर. नोव्हेंबरमध्ये पेशावरला बारा लायसँडर स्क्वाड्रनच्या हवाली झाली. ती देणगी होती ‘बॉम्बे वॉर गिफ्ट्स फंडा’ची, म्हणजे मुंबई इलाख्यातून जमलेल्या युद्धनिधीची.

याच काळात गांधीजींचा वैयक्तिक सत्याग्रह चालू होता. १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनारला विनोबा पहिले सत्याग्रही झाले. या युद्धाला पैसाही देऊ नका आणि माणूसही, हे त्या सत्याग्रहाचं सांगणं होतं. त्याच मुंबई इलाख्यातून एकीकडे लोक तुरुंगात जात होते आणि दुसरीकडे विमानांसाठी निधी जमत होता. दोन्ही खरं आहे.

लायसँडर हे लढाऊ विमान नव्हतं. भूदलाला मदत करायची, टेहळणी करायची, निरोप पोचवायचे, छोट्याशा पट्टीवर उतरायचं, यासाठी ते बनलेलं. वेग ताशी ३४० किलोमीटरच्या आसपास. समोर जपानी लढाऊ विमानं होती, ती ५०० च्या घरात उडायची. हे गणित कुणालाही मांडता येईल.

फेब्रुवारी १९४२ च्या सुरुवातीला स्क्वाड्रन ब्रह्मदेशात टाँगू इथे पोचली. प्रमुख होते करुण कृष्ण मजुमदार, वय २८. पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी जपान्यांनी टाँगूच्या तळावर हल्ला केला. मजुमदारांनी ठरवलं की उत्तर द्यायचं. पण बॉम्बफेक हे या विमानाचं मुख्य काम नव्हतं. तिथे खालची माणसं कामाला आली. मेकॅनिकांनी तळावरच जुळवाजुळव करून प्रत्येक लायसँडरला २५० पौंडांचे दोन बॉम्ब टांगण्याची सोय केली. तेव्हा वॉरंट ऑफिसर असलेले हरजिंदरसिंग ब्रह्मदेशात स्क्वाड्रनसोबत होते.

मजुमदार आपलं एकच लायसँडर घेऊन निघाले, सोबतीला न्यूझीलंडच्या वैमानिकांची दोन लढाऊ विमानं. जंगलावरून अगदी खालून उडत ते सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या हद्दीतल्या मे हाँग सॉनच्या जपानी तळावर गेले आणि बॉम्ब टाकून परतले. दुसऱ्या दिवशी बाकीची स्क्वाड्रन तिकडेच गेली. मुंबईच्या पैशांनी घेतलेली, टेहळणीसाठी बनलेली आणि माळावर बॉम्बर केलेली ही विमानं होती.

ब्रह्मदेश तरीही हातचा गेला. मार्चमध्ये स्क्वाड्रन आपली लायसँडर मागे ठेवून भारतात परतली. मजुमदारांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला. पुढे युरोपात ब्रिटिश स्क्वाड्रनसोबत लढून त्यांनी तेच पदक दुसऱ्यांदा मिळवलं. फेब्रुवारी १९४५ मध्ये लाहोरला हरिकेनच्या कसरती करताना विमान पडून ते गेले. तेव्हा ते ३१ वर्षांचे होते.

सिद्धगडावरचा समवयस्क

मजुमदारांचा जन्म १९१३ चा. आमच्या भागातला त्यांच्यापेक्षा वर्षभराने मोठा एक तरुण याच १९४२ मध्ये वेगळीच लढाई लढत होता. माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, सगळे त्यांना भाई कोतवाल म्हणतात. वकील झालेले, शेतकऱ्यांच्या आणि आदिवासींच्या कामात पडलेले. ‘छोडो भारत’ची हाक आल्यावर त्यांनी आझाद दस्ता उभा केला आणि मुंबईच्या कारखान्यांना वीज नेणारे मनोरे पाडायला सुरुवात केली. युद्धाचा कारखाना चालतो विजेवर, वीज येते तारांवरून आणि तारा जातात आमच्या डोंगरांतून. नेमकं तिथेच त्यांनी बोट ठेवलं. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांनी वेढा घातला आणि भाई कोतवाल व हिराजी पाटील हुतात्मा झाले.

बदलापूरहून मुरबाडच्या बाजूला पाहिलं की ते डोंगर दिसतात.

शाळेत आम्हाला भाई कोतवालांचा धडा एका वहीत आणि महायुद्धाचा धडा दुसऱ्या वहीत असायचा. दोन्ही एकाच वेळी घडत होतं, हे कुणी जोडून दाखवलं नाही. एक तरुण इंग्रजांच्या युद्धाला मदत होऊ नये म्हणून वीज तोडत होता. दुसरा त्याच युद्धात इंग्रजांच्या बाजूने लढून, भारतीय माणूस कुणापेक्षा कमी नाही, हे दाखवत होता. एक बरोबर ठरवायचा तर दुसरा चूक ठरवावा लागतो, असं बरेच जण समजतात. मला तसं वाटत नाही. मजुमदारांसारख्यांनी मिळवलेलं कसब नंतर स्वतंत्र देशाच्या हवाई दलाच्या कामी आलं आणि तो देश स्वतंत्र होण्यात कोतवालांसारख्यांचा वाटा होता.

इम्फाळ

१९४२ च्या मध्यात स्क्वाड्रनला हरिकेन मिळाली आणि ती खऱ्या अर्थाने लढाऊ स्क्वाड्रन झाली. हरिकेनही तेव्हा जुनं होत चाललं होतं. पण त्याच्या बांध्याचा मागचा भाग पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर कापड चढवून केलेला असे. गोळी आरपार गेली तर ठिगळ लावून विमान पुन्हा उभं करता यायचं. ज्या तळावर सुटे भाग वेळेवर येत नाहीत, तिथे वेगापेक्षा ही गोष्ट महत्त्वाची होती.

फेब्रुवारी १९४४ मध्ये अर्जनसिंग यांच्या हाताखाली स्क्वाड्रन इम्फाळला पोचली. ते तेव्हा २४ वर्षांचे होते. मार्चमध्ये जपानी सैन्य सीमा ओलांडून आलं आणि इम्फाळचे रस्ते तुटले. खोऱ्यातल्या सैन्याचं धान्य, दारूगोळा, औषधं, सगळं विमानांनी यायला लागलं. जखमी विमानांनीच बाहेर जायचे. अशा वेढलेल्या खोऱ्यात पहिल्या स्क्वाड्रनचं काम होतं शत्रू शोधणं आणि सापडला की त्याच्यावर झडप घालणं. हरिकेन जोडीने जायची. पुढचा वैमानिक खाली बघत राहायचा, झाडीत लपलेल्या तुकड्या, ताजी चाकोरी, नवा पूल. मागचा त्याची पाठ राखायचा. पाऊस सुरू झाला तेव्हा ढग डोंगरांवर टेकलेले असत आणि खोऱ्यात शिरायची वाट शोधावी लागे.

याच खोऱ्यात मोइरांगला १४ एप्रिल १९४४ रोजी आझाद हिंद सेनेने तिरंगा फडकवला. वर हरिकेनमध्ये भारतीय, खाली जंगलात आझाद हिंदचे भारतीय. इतिहासाने आपल्या माणसांना इतकं समोरासमोर क्वचितच उभं केलं असेल.

जूनच्या सुरुवातीला माउंटबॅटन यांनी इम्फाळच्या तळावरच अर्जनसिंग यांच्या छातीवर डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस लावला. २२ जून १९४४ रोजी कोहिमा-इम्फाळ रस्ता पुन्हा मोकळा झाला. स्क्वाड्रन त्यानंतरही थांबली, सलग सुमारे चौदा महिने लढत राहिली.

युद्ध संपलं तेव्हा एका स्क्वाड्रनच्या नऊ झाल्या होत्या. हवाई दलात सुमारे २८,५०० माणसं होती आणि त्यात अधिकारी होते साधारण १,६००. म्हणजे जवळपास २७ हजार माणसं अशी, ज्यांची नावं स्क्वाड्रनच्या गौरवगाथेत सहसा येत नाहीत. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत नौसैनिकांनी बंड केलं, तेव्हा त्यांच्या पाठिंब्यासाठी हवाई दलाच्या छावण्यांमधले भारतीय जवानही उतरले. युद्ध जिंकून देणाऱ्यांनी आता हिशेब मागायला सुरुवात केली होती.

क्रमांक एक कुणाचा?

फाळणीत टेबल-खुर्च्या वाटल्या गेल्या, तशा स्क्वाड्रनही. पहिल्या स्क्वाड्रनची विमानं पाकिस्तानच्या वाट्याला गेली. भारतात ‘एक’ हा क्रमांक काही वर्षं रिकामाच राहिला. २६ जानेवारी १९५३ रोजी तो दुसऱ्या एका स्क्वाड्रनला देण्यात आला आणि तेव्हापासून ‘टायगर्स’ म्हणून ओळखली जाणारी ही स्क्वाड्रन आजपर्यंत चालू आहे. तिच्याकडे आता मिराज २००० विमानं आहेत.

ड्रिग रोडचा तळ पाकिस्तानच्या हवाई दलाकडे गेला. त्याला आता फैसल तळ म्हणतात.

इथे गोष्ट पुन्हा उल्हासनगरला येते. भारतीय हवाई दल जिथे जन्मलं, ते कराची. कल्याणच्या रिकाम्या छावणीत ज्यांना उतरवलं गेलं, त्यांतल्या अनेकांचं गावही कराचीच. ज्यांनी लहानपणी आपल्या डोक्यावरून चार वापिटी जाताना पाहिली असतील, त्यांना म्हातारपण काढावं लागलं ते त्याच युद्धासाठी बांधलेल्या बरॅकींत. पुढे त्यांनी तिथे दुकानं थाटली, कारखाने काढले. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आम्ही सगळ्यांनी केलाय. बाहेरची वस्तू खोलून बघायची आणि तशीच इथे बनवायची, यावर हसायची आपल्याला सवय आहे. हवाई सिपाह्यांनी सुरुवातीला दुसरं काय केलं होतं? इंग्रजांनी वापरून जुनी केलेली विमानं खोलली, समजून घेतली आणि चालती ठेवली.

त्या रस्त्याने हरजिंदरसिंग बरेच लांब गेले. ते एअर व्हाइस मार्शल झाले, मेंटेनन्स कमांडचे प्रमुख झाले आणि त्यांच्या देखरेखीखाली कानपूरला जुळवलेलं पहिलं अ‍ॅव्हरो विमान १९६१ मध्ये उडालं. आमच्या अंबरनाथला १९५३ मध्ये मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी उभी राहिली, तीही याच विचारातून. यंत्र दुसऱ्याचं वापरायचं इथवर न थांबता, यंत्र बनवणारं यंत्र आपलं हवं. हवाई सिपाही ते एअर व्हाइस मार्शल हा प्रवास एका माणसाचा असला, तरी ‘भारतीयांना यंत्र जमत नाही’ या वाक्याला दिलेलं ते तीस वर्षांचं उत्तर आहे.

नेवाळी

आता हिशेब बघू. वैमानिकांना पदकं मिळाली, ती त्यांनी कमावली होती. मेकॅनिकांना उशिरा का होईना, हुद्दे मिळाले. रिकाम्या छावणीत निर्वासितांना छप्पर मिळालं. राहिली विमानाखालची जमीन.

विमानतळ आकाशात बांधता येत नाही. जपान ब्रह्मदेशात शिरल्यावर देशभर घाईने धावपट्ट्या झाल्या आणि प्रत्येक पट्टी कुणाच्या तरी शेतावर पडली. नेवाळीची पट्टी दीड हजारांहून अधिक एकरांत आहे. युद्धापुरती म्हणून घेतलेली जमीन युद्धानंतर परत मिळायला हवी होती, असं तिथल्या शेतकऱ्यांचं म्हणणं आहे. जमीन संरक्षण खात्याची आहे, असं सरकारचं म्हणणं. मधल्या काळात शेतकरी तिथे भातही पिकवत होते.

नौदलाने तिथे कुंपणाच्या भिंतीचं काम सुरू केलं आणि २२ जून २०१७ रोजी आंदोलन पेटलं. रस्ते अडवले गेले, पोलिसांच्या गाड्या जाळल्या गेल्या, गावकरी आणि पोलीस दोघेही जखमी झाले. इम्फाळचा रस्ता मोकळा झाला त्याला त्या दिवशी बरोबर ७३ वर्षं होत होती. हा निव्वळ योगायोग. पण इम्फाळचं युद्ध ज्या तारखेला सुटलं, त्याच तारखेला नेवाळीत त्या युद्धाचा एक तुकडा अजून सुटलेला नव्हता.

जाळपोळीचं समर्थन करता येत नाही. देशाला संरक्षणासाठी जमीन लागते, हेही खरं. पण आजोबांनी युद्धासाठी जमीन दिली आणि नातू तिचा कागद मागतोय, तर त्याला देशविरोधी ठरवणं सोपं आणि चुकीचं आहे. मुंबईतल्या निधीला पैसे देणाऱ्यांनी स्वखुशीने दिले असतील, वैमानिक स्वखुशीने उडाले. इथे कुणी खुशी विचारलीच नव्हती. पहिल्या स्क्वाड्रनच्या शौर्यावर आपला हक्क आपण सांगतो, तेव्हा त्या युद्धाची देणीही आपलीच होतात. इंग्रज निघून गेले, हे त्यावर उत्तर होऊ शकत नाही.

बदलापूरचं नाव घोडे बदलण्यावरून पडलं, असं आमच्याकडे सांगतात. लांबच्या मोहिमेवरचे स्वार इथे थकलेला घोडा सोडायचे, ताजा घ्यायचे आणि पुढे जायचे. स्वार पुढे कुठे गेले, ते बखरींत सापडतं. सोडलेल्या घोड्यांना चारा कुणी घातला, ते सापडत नाही.

विमान परत आलं की ‘सुखरूप उतरलं’ एवढ्यावर वैमानिकाची गोष्ट संपते. ते कुणाच्या शेतात उतरलं, आणि त्या शेताचं पुढे काय झालं, हे लिहायचं अजून बाकी आहे.